पोरांनी बार चालवायला घ्यावा का?

प्रश्न : ताई नमस्कार, मी दांडिया बाजारात राहतो, आयुष्यभर अकाउंट्समध्ये नोकरी केली, मागच्या वर्षी रिटायर झालो. मुलगा इंग्लंडला मास्टर्स करायला गेला, ते झालं आणि तिथल्या स्टुडंट्स युनियनच्या निवडणुकीला उभा राहिला नि निवडून पण आला, आता वर्षभर पगारी प्रेसिडेंट आहे. प्रॉब्लेम असा की युनिव्हर्सिटीचा कॅम्पसवर स्वतःचा बार आहे, तो तोट्यात चाललाय आणि युनिव्हर्सिटी म्हणते १ ऑगस्टपासून युनियनने चालवायला घ्या, भाडं नावापुरतं, नफा होईल तो तुमचा. पोरगा एकदम खूश, म्हणतो बाबा हा स्टुडंट्सचा बार होईल, बिअर स्वस्त करू, नफा क्लबांना वाटू. मला १४ पानांची पीडीएफ पाठवलीय, म्हणे तुम्ही अकाउंट्सवाले, बघून सांगा. आता गुजरातेत राहून मी बारचा हिशोब कुठून पाहिलेला असणार! तीन आठवड्यांनी युनियनमध्ये मतदान आहे. घ्यावा की नाही? आणि दुसरं, माझ्या आईला, वय ८३, हे कसं सांगायचं? तिला एवढंच माहितीय की नातू कॉलेजचा प्रमुख झालाय.
— एक वाचक, वडोदरा

उत्तर : भाऊ, तुमचं पत्र आमच्या ऑफिसात मोठ्यांदा वाचलं गेलं, कारण १९६० मध्ये राज्य झालं तेव्हापासून दारूबंदी असलेल्या गुजरातमधून बारच्या वहिवटीचा प्रश्न या सदराला पहिल्यांदाच आलाय. मी स्वतः सहकारी संस्थांचं ऑडिट करण्यात आयुष्य काढलं, बारचं ऑडिट एकदाही नाही, पण माझी भाची इंग्लंडात लेस्टरला होती, तिच्याकडे दोन महिने राहिले तेव्हा तिच्या युनियनचा बार आत बसून पाहिलाय. आणि खरं सांगू, हिशोब हिशोबच असतो, मग दुधाचा असो की बिअरचा.

उत्तर आधीच सांगून टाकते : आत्ताच्या अटींवर नको. बार वाईट म्हणून नको असं नाही हं. देणारा का देतोय ते पीडीएफमध्ये कुठेच लिहिलेलं नसणार म्हणून नको. चालणारी दुकान कोणी भाड्याने देईल, पण फुकटात 'घ्या, नफा तुमचा' असं म्हणायला आला की समजायचं नफ्याचं नाव घेऊन तोटा तुमच्या दारात ठेवायला आलाय.

आता नीट बघू. पोरगा म्हणतो स्वस्त करू. कागद घ्या. समजा पाइंट, म्हणजे ५६८ मिली बिअर, ४ पौंड २० पेन्सला विकली. त्यात २० टक्के व्हॅट आतच आहे, म्हणजे ७० पेन्स सरकारचे, हातात राहिले साडेतीन पौंड. बिअर खरेदीला १.४० गेले असं धरू (हा आकडा मी धरलाय, खरा त्यांच्या बिलात बघा), उरले २.१०. आता रात्री सहा तास, तीन जण काउंटरला, म्हणजे १८ तासांची मजुरी. एप्रिल २०२६ पासून तिथे २१ वर्षं नि वरच्यांना तासाला कमीत कमी १२.७१ पौंड द्यावे लागतात, झाले जवळजवळ २२९ पौंड. २.१० ने भागा. १०९ पाइंट विकले की फक्त त्या तिघांचा पगार निघाला. ११ गॅलनच्या केगमधून, म्हणजे बिअरच्या पिंपातून, ८८ पाइंट निघतात, म्हणजे सव्वा केग रिकामा होईपर्यंत तुमच्या पोराच्या क्लबांना एक पेनी नाही, आणि यात अजून मॅनेजरचा पगार, लाइट, नळ्यांची सफाई, फुटलेले ग्लास, रजेचे पैसे, काहीच धरलेलं नाही. १८ ते २० वयाच्यांना मजुरी थोडी कमी आहे, १०.८५, पण सगळे कामगार फर्स्ट इयरचे ठेवून बार चालवायचा म्हणजे दुसरीच डोकेदुखी. आता ही बिअर ५० पेन्सने स्वस्त करून बघा तुम्हीच, व्हॅट आतला असल्यामुळे तुमच्या हातातले साधारण ४२ पेन्स जातात, २.१० चे १.६८ होतात आणि १०९ चे होतात १३६.

आणि हे फक्त भरलेल्या रात्रीचं गणित. तिथे शिकवण्याचे आठवडे वर्षात तीसच्या आसपास, बाकी बावीस आठवडे नाताळ, ईस्टर आणि लांबलचक उन्हाळा, कॅम्पस ओसाड. मॅनेजर मात्र बारा महिने पगार घेणार. इथे मला माझी गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही.

आमच्या हॉस्टेलच्या मेसमध्ये एका वर्षी आम्ही पोरींनी कॉन्ट्रॅक्टरला काढलं. पाण्यासारखी डाळ, कोण ऐकून घेणार. मी मेस सेक्रेटरी झाले, महाराज, म्हणजे स्वयंपाकी, आम्ही ठेवला, भाजी खंडेराव मार्केटमधून पहाटे दोघी जाऊन आणायच्या, आणि पहिले दोन महिने बिल खरंच कमी आलं, आम्ही हिरॉइनी. मग उत्तरायण आलं. चाळीस पोरी पतंग उडवायला घरी गेल्या, त्यांनी कट टाकला, म्हणजे तेवढ्या दिवसांचे पैसे नाहीत. महाराजाचा पगार तेवढाच, त्याच्या मदतनीस पोराचा तेवढाच, दूधवाल्याची बांधी, म्हणजे रोजचं ठरलेलं दूध, तेवढीच, आणि खाणाऱ्या पोरी अर्ध्या. जानेवारीचं बिल असं आलं की ज्या पोरींनी मला हार घातला होता त्यांनीच नोटीसबोर्डवर माझ्याबद्दल काय काय लिहिलं ते या सदरात छापता येणार नाही. आणि सगळ्यात वाईट पुढे, एप्रिलमध्ये आमची परीक्षा झाली, आम्ही निघून गेलो आणि भाजीवाल्याची उधारी पुढच्या कमिटीच्या गळ्यात. त्याला बिचाऱ्याला कोण कुठली सेक्रेटरी काय माहीत, तो म्हणे मेस देणार.

तेच तुमच्या पोराचं. तो वर्षभर प्रेसिडेंट, फार तर दोन वर्षं, कारण १९९४ च्या त्यांच्या एज्युकेशन ॲक्टमध्ये लिहिलंय की अशा मोठ्या पगारी पदावर दोन वर्षांपेक्षा जास्त कोणी राहू शकत नाही. बार मात्र राहतो, लीज राहतं, बिअर कंपनीचं कॉन्ट्रॅक्ट राहतं, आणि सही त्याची. आपल्या बडोद्यात १८८९ साली भाऊसाहेब कवठेकरांनी अन्योन्य सहायकारी मंडळी काढली, देशात सहकार कायदा यायच्या कितीतरी आधी, पण तिथे सभासद होते नोकरदार, घरदार असलेले, इथेच राहणारे, दहा वर्षांनीही रस्त्यात समोर येणारे. युनियनचा सभासद तीन वर्षांत डिग्री घेऊन निघून जातो, त्याला पाच वर्षांनंतरच्या तोट्याशी काय देणंघेणं? म्हणून मेंबरांच्या मालकीचं म्हणजे आपोआप चांगलं, या कल्पनेवर माझा या बाबतीत विश्वास नाही, सहकारात आयुष्य काढून पण नाही.

आता कागदाची बाजू, तुम्ही अकाउंट्सवाले आहात तर तुम्हाला यातच मजा येईल.

सगळ्यात पहिलं पोराला विचारा की युनियन कायद्याने काय आहे. तिथल्या युनियन चॅरिटी असतात आणि २०१० पासून इंग्लंडमधल्या मोठ्या युनियनना चॅरिटी कमिशनकडे नोंदणी करावी लागते, प्रेसिडेंट बहुतेक ठिकाणी पदाने ट्रस्टी असतो. युनियन कंपनी म्हणून नोंदलेली असेल तर तोट्याची जबाबदारी कंपनीपुरती राहते, पण जुन्या पद्धतीची नुसती असोसिएशन असेल तर ट्रस्टींच्या स्वतःच्या खिशापर्यंत येऊ शकते. हे कळल्याशिवाय मतदान पुढे ढकला, सरळ ढकला. आणि कंपनी असली तरी बार चॅरिटीच्या पोटात नको, त्यासाठी वेगळी ट्रेडिंग कंपनी काढतात, तिचा नफा दरवर्षी युनियनला दान म्हणून देतात आणि त्यावरचा कॉर्पोरेशन टॅक्स वाचतो, पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे बार बुडाला तर ती कंपनी बुडते, विद्यार्थ्यांना सल्ला देणारं ऑफिस बुडत नाही.

दुसरं, माणसं. तिथे २००६ चा एक नियम आहे, त्याला सगळे टुपी म्हणतात, टोपी नव्हे, जरी अर्थ जवळपास तोच निघाला तरी. धंदा एकाकडून दुसऱ्याकडे गेला की आधीचे कामगार जुन्या अटींसकट, जुन्या सर्व्हिससकट नव्या मालकाकडे येतात. म्हणजे बारमध्ये कोणी पंधरा वर्षं जुना मॅनेजर असेल तर ती पंधरा वर्षं उद्या युनियनच्या खात्यावर, आणि कधी बार बंद करायची वेळ आली तर त्याला द्यायची नुकसानभरपाई त्या पंधरा वर्षांवर मोजली जाणार. पीडीएफमध्ये कामगारांची यादी, प्रत्येकाची जॉइन झाल्याची तारीख आणि पगार आहे का बघा. नसेल तर युनिव्हर्सिटीने ते विसरून टाकलेलं नाही एवढं मी खात्रीने सांगते.

तिसरं लायसन्स. हे ऐकायला भारी वाटतं पण त्यातलं सोपं आहे. २००३ च्या लायसन्सिंग ॲक्टखाली जागेचं लायसन्स लोकल कौन्सिल देते, म्हणजे आपली महानगरपालिका समजा, ते ट्रान्सफर करायला अर्ज करायचा, पोलिसांना हरकत घ्यायला १४ दिवस. शिवाय एक जबाबदार सुपरवायझर नावाने दाखवावा लागतो ज्याच्याकडे स्वतःचं पर्सनल लायसन्स आहे, त्यासाठी छोटा कोर्स आणि पोलिस रेकॉर्ड चेक. तुमच्या पोराने उत्साहात ते नाव स्वतःचं घालू नये! तिथे १८ खालच्याला विकणं गुन्हा आहे आणि आधीच झिंगलेल्याला अजून विकणं पण गुन्हा आहे, आणि काही गडबड झाली की पहिला फोन त्या नावाला. ते नाव कायम नोकरीत असलेल्या मॅनेजरचंच हवं. (आपल्या बाजूच्या महाराष्ट्रात २५ वर्षांपर्यंत व्हिस्की नाही, इंग्लंडात १८ ला मिळते, हे आजींना सांगू नका.)

अजून एक, व्हिसा. स्टुडंट व्हिसावर युनियनचं पगारी पद चालतं, त्याची वेगळी सोय आहे, पण बाकी परदेशी पोरांना टर्म चालू असताना आठवड्याला २० तासच काम, आणि त्यात बारची शिफ्ट पण मोजली जाते, दुसरीकडच्या दुकानातली पण. आपली पोरं दोन ठिकाणी काम करून बेरीज करायला विसरतात आणि व्हिसा गोत्यात येतो. युनियन स्वतः मालक झाली की हे तास लिहून ठेवण्याची जबाबदारी तिच्याच डोक्यावर.

एवढं सगळं वाचून तुम्हाला वाटेल बाईला बारच नको आहे. तसं नाहीये. भाचीच्या युनियनमध्ये मी गेले तेव्हा पोटात गोळा होता, वाटलं धूर, अंधार, हिंदी पिक्चरसारखं. बघते तर काय, एका कोपऱ्यात पूल टेबल, मधे चाललंय क्विझ, खिडकीपाशी चार पोरी लॅपटॉप उघडून प्रोजेक्ट करतायत, बटाट्याचे चिप्स खातायत, आणि मोजलं मी, आपल्या माणसाला सवय असते, तर निम्म्या टेबलांवर कोक, कॉफी नाहीतर नुसतं पाणी. पाणी फुकट द्यावंच लागतं तिथे, कायद्याने. घरापासून सात हजार किलोमीटर लांब असलेल्या पोराला संध्याकाळी सात वाजता खोलीच्या बाहेर बसायला गरम, उजेडाची जागा, जिथे काही न घेता बसलं तरी कोणी उठवत नाही, ही फार मोठी गोष्ट आहे. आपल्याकडे कमाटीबागेत बाकड्यावर बसता येतं, तिथे नोव्हेंबरमध्ये साडेचारला अंधार पडतो. तर ती जागा विद्यार्थ्यांच्या ताब्यात असावी हे पोराचं म्हणणं मला पटतं. एकट्या पोरीला घरी जायला टॅक्सी लावून देणं, ग्लासात कोणी काही टाकलं तर काय करायचं याचं ट्रेनिंग, न पिणाऱ्यांसाठी वेगळी संध्याकाळ, हे युनियन युनिव्हर्सिटीपेक्षा बरं करेल.

पण यातच एक खोच आहे आणि ती मला पीडीएफमधल्या कुठल्याही आकड्यापेक्षा जास्त टोचते. जी युनियन पोस्टर लावते की जपून प्या, तिचाच क्लबांचा खर्च जास्त पिण्यावर निघायला लागला, तर महिन्याच्या शेवटी गल्ला कमी दिसला की ती काय करेल? एकावर एक फ्री. हे पोरांचं सोडा, सरकारांना पण सुटत नाही, दारूवरच्या एक्साइजवर पगार निघणारी राज्यं आपण बघतोच, आणि आपलं राज्य ते उत्पन्न सोडून बसलंय तर २०२३ च्या डिसेंबरात गांधीनगरजवळच्या गिफ्ट सिटीत दारूला थोडी खिडकी उघडली गेलीच. त्यात इंग्लंडातली तरुण पोरं आधीच्या पिढीपेक्षा कमी पितात, वर्षानुवर्षं हे प्रमाण खाली येतंय. चांगलंच आहे, पण मग जो धंदा आपोआप लहान होत चाललाय त्याच्या नफ्यावर बॅडमिंटन क्लबचं बजेट बांधायचं, हे कुठलं शहाणपण.

मग पोराने काय करावं. मतदानात सरळ 'नाही' म्हणू नये, नाहीतर युनिव्हर्सिटी उद्या बारला कुलूप लावून म्हणेल की तुमच्या युनियननेच नाकारलं. उलट प्रस्ताव द्यावा. जागेचं नियंत्रण युनियनकडे, म्हणजे किती वाजेपर्यंत उघडा, काय विकायचं, किंमत काय, कोणत्या रात्री कोणता क्लब, हे ठरवणाऱ्या कमिटीत युनियनचं बहुमत. वहिवट, पगार नि तोटा दोन वर्षं युनिव्हर्सिटीकडेच. या दोन वर्षांत दर महिन्याचा हिशोब युनियनला मिळणार, स्टॉकसकट, म्हणजे किती केग आले आणि किती पाइंटचे पैसे गल्ल्यात पडले, त्यातला फरक. आपल्या मेसमध्ये तुपाचा डबा जसा आठवड्यात संपायचा तसाच तिथे तळघरात माल संपतो, आणि तो कुठे गेला हे पहिल्या वर्षाच्या प्रेसिडेंटला कधीच कळत नाही. दोन वर्षांनी आकडे नीट दिसले तर घ्या, वेगळ्या कंपनीत घ्या.

आणि युनिव्हर्सिटी म्हणाली आत्ताच घ्या नाहीतर बंद, तर निदान एवढं लेखी घ्या : मागच्या तीन वर्षांचे बारचे स्वतंत्र हिशोब (युनिव्हर्सिटीच्या मोठ्या केटरिंगच्या हिशोबात मिसळलेले चालणार नाहीत, लाइट कोण भरत होतं ते कळत नाही), जुन्या सर्व्हिसची भरपाई युनिव्हर्सिटीची, बिअर कंपनीशी ठरावीक माल उचलण्याचा करार असेल तर त्याची कॉपी, बाहेर पडायचं कलम सहा महिन्यांच्या नोटिशीचं, आणि सगळ्यात महत्त्वाचं, युनियनला दरवर्षी जी ग्रँट मिळते ती बारकडे बोट दाखवून कमी होणार नाही असं वाक्य. पीडीएफमध्ये 'ग्रँटचा आढावा घेतला जाईल' असं काही लिहिलंय का शोधा. मी पैज लावते, लिहिलंय. नफा तुमचा म्हणायचं आणि पुढच्या वर्षी तेवढीच ग्रँट कापायची, म्हणजे पोरं रात्रभर ग्लास धुवून युनिव्हर्सिटीचेच पैसे वाचवणार.

राहिल्या आजी. त्यांना सरळ सांगा. ८३ वर्षांची बडोदेकर बाई आहे, दमणहून काय येतं आणि कोणाच्या लग्नात गाडीच्या डिकीत काय होतं हे तिला तुमच्यापेक्षा जास्त माहीत असणार, आजींना काही कळत नाही असं फक्त मुलांना वाटतं. फक्त 'नातू बार चालवणार' असं सांगू नका कारण अजून तो चालवत नाहीये. सांगा की युनिव्हर्सिटी तोट्यातला धंदा त्याच्या गळ्यात मारतेय आणि तो विचार करतोय. मला वाटतं तुमच्या १४ पानांपेक्षा त्यांचा सल्ला लवकर येईल.

प्रश्न : ताई, मी इथेच वडोदऱ्यात कॉलेजला आहे, या वर्षी जीएसला, म्हणजे जनरल सेक्रेटरीच्या पदाला, उभा राहतोय. कॅन्टीनवाला फार महाग आणि घाण देतो, सेव उसळ पण धड नाही. जाहीरनाम्यात लिहू का की निवडून आलो तर कॅन्टीन युनियन चालवणार? मित्र म्हणतात मतं पडतील.
— एक विद्यार्थी

उत्तर : मतं पडतील, खरंय. वर मेसची गोष्ट वाचलीस ना, ती तुझ्यासाठी पण आहे. आधी सांग, कॉन्ट्रॅक्टवर सही कोणाची, अन्नपदार्थांची एफएसएसएआयची नोंदणी कोणाच्या नावाने, आणि मे महिन्यात कॅन्टीन बंद असताना गॅसवाल्याला नि भांडी घासणाऱ्या मावशीला पैसे कोण देणार? तिन्हीचं उत्तर 'बघू' असेल तर लिहू नकोस. त्यापेक्षा हे लिही : कॅन्टीनचं पुढचं टेंडर निघेल तेव्हा कमिटीत दोन विद्यार्थी, त्यातली एक मुलगी, दरपत्रक भिंतीवर, तेल किती दिवसांनी बदललं त्याची वही काउंटरवर, आणि दोन लेखी तक्रारींनंतर दंड. यातलं एवढंसं जरी झालं तरी सेव उसळीचा रस्सा सुधारेल. आणि टेंडरची तारीख आत्ताच ऑफिसात जाऊन विचारून ठेव, ती बहुतेक वेळा निवडणुकीच्या आधीच निघून गेलेली असते.